किरणे, रसायने आणि झाडांच्या पुढच्या पिढ्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बियांना गॅमा किरण दिले किंवा त्या एखाद्या रसायनात भिजवल्या की पुढच्या पिढ्यांत काय होते, हे विद्यार्थी, बागकाम करणारे आणि वाण तयार करण्याच्या कामात नव्याने पडलेले लोक सतत विचारत असतात. प्रश्न बहुतेक तेच ते येतात, म्हणून एकत्र केले आहेत. सुरुवातीला सोपे आहेत, पुढे अडनिडे. निम्म्याहून अधिक गोंधळाचे मूळ मात्र एकच दिसते: पहिल्या पिढीत डोळ्यांना दिसते ती बहुतांशी इजा असते, वारसा दिसायला दुसरी पिढी यावी लागते.

१. उत्परिवर्तने, म्हणजे डीएनएतले वारशाने उतरू शकणारे बदल, निसर्गात आपोआप होतच असतात ना? मग किरणे आणि रसायने वेगळे काय करतात?

होतात, पण फार सावकाश. अरॅबिडॉप्सिस हे मोहरीच्या कुळातले इवलेसे रोप प्रयोगशाळांचे लाडके. त्याच्या डीएनएत दर पिढीला एक अब्ज अक्षरांमागे साधारण सात बदल होतात. त्याचा जीनोम, म्हणजे डीएनएचा पूर्ण संच, सुमारे साडेतेरा कोटी अक्षरांचा, म्हणजे एका रोपाच्या वाट्याला एका पिढीत एखाददुसरा नवा बदल येतो. त्याच्याच बिया ईएमएस या रसायनात काही तास भिजवल्या की शेकडो बदल एकदम होतात.

किरणांनी वारसा बदलतो हे हर्मन मुलर यांनी १९२७ मध्ये फळमाशीवर क्ष-किरण सोडून दाखवले. १९२८ मध्ये लुईस स्टॅडलर यांनी बार्लीत तेच सिद्ध केले. रसायनांची पाळी नंतर आली. शार्लट ऑरबाख आणि जे. एम. रॉब्सन यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एडिनबरामध्ये मस्टर्ड गॅस या युद्धातल्या विषारी रसायनावर काम करताना तो परिणाम पकडला.

२. गॅमा किरण आणि रसायने यांच्या परिणामात नेमका फरक काय?

ढोबळपणे, किरणे तोडतात आणि रसायने अक्षर बदलतात. कोबाल्ट-६० किंवा सिझियम-१३७ मधून निघालेले गॅमा किरण पेशीतले पाण्याचे रेणू फोडतात. त्यातून तयार झालेले अतिक्रियाशील कण आणि स्वतः किरण, दोन्ही मिळून डीएनएवर आघात करतात. दोन्ही धागे जवळपास एकाच जागी तुटले की पेशी ती टोके घाईघाईने जोडते. या जोडकामात कधी दोनचार अक्षरे गळतात, कधी मोठा तुकडा जातो, तर कधी भलत्याच गुणसूत्राचे टोक येऊन चिकटते. वेगवान न्यूट्रॉनांचा मारा अधिक दाट असतो, त्यामुळे तुकडे गळण्याचे प्रमाणही वाढते.

ईएमएस, म्हणजे इथाइल मिथेनसल्फोनेट, डीएनएच्या चार अक्षरांपैकी (ए, टी, जी, सी) ग्वानिनला, म्हणजे जीला, एक इथाइल गट चिकटवते. असा ग्वानिन सायटोसिनऐवजी (सी) थायमिनशी (टी) जोडी लावतो आणि पुढच्या नकलांमध्ये जी-सीच्या जागी ए-टी येते. अरॅबिडॉप्सिसमध्ये ईएमएसमुळे झालेले जवळजवळ सगळे बदल याच साच्यातले निघाले. सोडियम ॲझाइडचा मामला निराळा आहे. ते स्वतः डीएनएला हात लावत नाही, पेशीच त्यापासून उत्परिवर्तक संयुग बनवते. म्हणून बार्लीत ते जबर काम करते आणि अरॅबिडॉप्सिसमध्ये जवळजवळ निष्प्रभ ठरते.

पिढ्यांच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. एक अक्षर बदललेले जनुक अर्धवट का होईना, चालू शकते. मोठा तुकडा गळाला तर शेजारची जनुकेही जातात. परागकणात गुणसूत्रांचा एकच संच असल्याने अशी उणीव झाकायला दुसरी प्रत नसते आणि तो पराग मरतो किंवा स्पर्धेत मागे पडतो. बीजांडाकडून मात्र हीच उणीव अनेकदा पुढे जाते. स्टॅडलर यांना मक्यात हेच दिसले होते. एखादा बदल आईकडून उतरतो आणि बापाकडून उतरत नाही, असे दिसले की आधी गळालेल्या तुकड्याचा संशय घ्यावा. दुसरे कारण प्रश्न ११ मध्ये आहे.

३. एम१, एम२, एम३ म्हणजे काय?

किरण किंवा रसायन दिलेल्या बियांपासून उगवलेली झाडे म्हणजे एम१. त्यांच्या स्वपरागणातून आलेल्या बियांची झाडे एम२, त्यांची संतती एम३, आणि असेच पुढे. परागकणांना किरण देऊन ते निरोगी फुलावर वापरले, तर त्या बियांपासून येणारी झाडे एम१. त्यांचा फायदा असा की सगळे झाड एकाच फलित पेशीपासून वाढते, त्यामुळे प्रश्न ५ मधली भानगड उद्भवत नाही.

४. किरण दिलेल्या बियांची रोपे वेडीवाकडी, ठेंगणी आली आहेत. नवा वाण मिळाला म्हणायचा का?

नाही. घेवड्याचे एम१ रोप जवळून पाहा. पहिली दोन पाने सुरकुतलेली, कडेला दुमडलेली, मधूनच पिवळट ठिपके पडलेली असतात. चौथ्या-पाचव्या पानापर्यंत येता येता झाड बऱ्यापैकी सुधारते. ती पहिली पाने बीमध्ये आधीच तयार होती आणि त्यांच्या पेशींना सरळ मार बसला. नंतरची पाने शेंड्यात तगून राहिलेल्या पेशींपासून आली. उशिरा उगवण, खुरटी वाढ, उशिरा फुलोरा हे सगळे या इजेच्या खात्यात जाते. अशा खुज्या एम१ झाडाची संतती बहुधा नेहमीच्या उंचीची निघते. अगदी कमी मात्रेत कधीकधी उलट वाढ जोमदार दिसते, तीही पुढे उतरत नाही.

अपवाद वंध्यत्वाचा. एम१ मधले काही वंध्यत्व शारीरिक इजेचे असते आणि तिथेच संपते. पण दोन गुणसूत्रांनी तुकड्यांची अदलाबदल केली असेल, तर मक्यासारख्या पिकात निम्मे पराग पोकळ निघतात आणि हा दोष साधारण अर्ध्या संततीत पुन्हा दिसतो. म्हणून अर्धवट भरलेले कणीस दिसले की त्याची नोंद वेगळी ठेवावी.

५. अप्रभावी गुण, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती बदलल्या तरच दिसणारा, एम२ मध्ये चौथ्या हिश्श्यात दिसायला हवा. आमच्याकडे फारच कमी का?

कारण एम१ चे झाड एकजिनसी नसते. बियांना किरण देतो तेव्हा आतला गर्भ अनेक पेशींचा असतो आणि प्रत्येक पेशीत वेगळा बदल होतो. त्यातून उभे राहणारे झाड म्हणजे ठिगळांची गोधडी. यालाच कायमेरा म्हणतात.

पुढे बी देणाऱ्या पेशी गर्भाच्या शेंड्यात मोजक्याच असतात. अरॅबिडॉप्सिसमध्ये त्या साधारण दोन धरतात. त्यांपैकी एकीतच बदल झाला असेल, तर निम्म्या बिया निरोगी भागातून येतात आणि उरलेल्या निम्म्यांत एक चतुर्थांश म्युटंट, म्हणजे बदललेला गुण दाखवणारे. एकूण प्रमाण आठात एक. बी देणाऱ्या पेशी जास्त असतील तर प्रमाण आणखी घसरते. धान्यपिकांत वेगवेगळे फुटवे वेगवेगळ्या पेशींपासून येऊ शकतात, म्हणून दर कणसाचे बी निराळे ठेवतात. सगळे बी एकत्र मळले की हा हिशेब हातचा गेला.

दोन गोष्टी आकडा आणखी खाली ओढतात. बदललेल्या पेशी बहुधा सावकाश वाढतात आणि शेंड्यातच शेजारच्या निरोगी पेशींकडून मागे रेटल्या जातात. आणि वर सांगितल्याप्रमाणे काही बदल परागात गळतात.

६. मग एम२ ची किती रोपे लावायची?

साधे गणित आहे. गुण चौथ्या हिश्श्यात येणार असेल, तर एका कुटुंबात निदान एक म्युटंट दिसण्याची शक्यता ९५ टक्क्यांवर न्यायला ११ रोपे लागतात. आठात एक असेल तर २३. पण एका कुटुंबात भरमसाट रोपे लावून फारसे साधत नाही, कारण ती सगळी त्याच एका एम१ झाडाची. जागा ठरावीक असेल तर माझे मत स्पष्ट आहे: कुटुंबे वाढवा, दर कुटुंबातली रोपे कमी करा. एखाद्या कुटुंबातला म्युटंट निसटेल, पण एकूण वेगवेगळे बदल अधिक सापडतील.

७. एम२ च्या ट्रेमध्ये पांढरी रोपे आली आणि मेली. काही बिघडले का?

उलट, काम नीट झाल्याची ती खूण आहे. हिरव्या रोपांच्या ओळीत मध्येच एखादे दुधासारखे पांढरे, एखादे लोणी रंगाचे, एखादे फिकट पोपटी रोप उभे असते. पांढरी रोपे बीमधला साठा संपेपर्यंत जगतात आणि मग कोमेजतात, कारण हरितद्रव्याविना अन्न तयार होत नाही. हरितद्रव्य घडवण्यात पुष्कळ जनुकांचा हात असल्याने हा दोष सहज सापडतो. म्हणून दर शंभर एम१ कुटुंबांमागे किती कुटुंबांत अशी रोपे आली, यावरून मात्रेची परिणामकारकता जोखतात. मेलेली रोपे उपटण्याआधी मोजा. हिरवी भावंडे जपा: त्यांतल्या बदललेल्या भागातून आलेल्यांपैकी सरासरी तीनात दोन तो दोष लपवून बाळगतात आणि एम३ मध्ये पुन्हा पांढरी रोपे देतात.

८. वाण स्थिर व्हायला किती पिढ्या लागतात?

स्वपरागी पिकात मिश्र अवस्था, म्हणजे जनुकाची एक प्रत बदललेली आणि एक मूळची, दर पिढीला निम्मी होते. एम१ मध्ये मिश्र असलेली जागा एम२ च्या निम्म्या झाडांत, एम३ च्या पाव, एम४ च्या अष्टमांश आणि एम६ च्या साधारण ३ टक्के झाडांत मिश्र राहते. रंग, उंची, फुलोऱ्याची वेळ असे उठून दिसणारे गुण एम२ मध्ये निवडतात आणि एम३ मध्ये ते तसेच उतरतात का ते तपासतात. उत्पादनासारखा अनेक जनुकांचा गुण एका झाडावरून कळत नाही. त्यासाठी एम३-एम४ च्या ओळी आणि पुढे वारंवार चाचण्या लागतात.

इथे एक गोष्ट सर्रास विसरली जाते. हव्या त्या बदलाबरोबर त्याच झाडात इतर शेकडो बदल आलेले असतात. नुसते स्वपरागण चालू ठेवले तर तेही स्थिर होतात. मूळ वाणाशी पुन्हा संकर केल्यावर दर फेरीला असंबंधित बदलांतले निम्मे गळतात. हव्या जनुकाच्या अगदी शेजारचे बदल मात्र चिवटपणे सोबत राहतात.

९. मात्रा कशी ठरवतात? माणसाला पाच ग्रे (शोषलेल्या किरणांच्या मात्रेचे एकक) घातक, मग बी शेकडो ग्रे कसे सोसते?

वाळलेल्या बीमध्ये पाणी कमी आणि पेशीविभाजन थांबलेले, त्यामुळे ते कणखर असते. भाताच्या सुक्या बियांना साधारण १५० ते ३०० ग्रे देतात. मोहरीवर्गातल्या बिया हजार ग्रेच्या आसपासही तग धरतात. उलट शेवंतीच्या मुळे फुटलेल्या छाटकलमांना १० ते २५ ग्रे पुरतात. ज्या जातीची गुणसूत्रे आकाराने मोठी ती सहसा नाजूक, असे अमेरिकेतल्या ब्रूकहेव्हन प्रयोगशाळेतल्या कामातून पुढे आले. पाइनचा हळवेपणा त्यातलाच, त्याबद्दल प्रश्न १३ पाहा.

पुस्तकातली मात्रा थेट उचलू नये. बियांतला ओलावा, वय, वाण यांनी ती बदलते. आधी थोड्या बियांवर चढत्या मात्रा देऊन रोपांची उंची मोजतात. उंची ३० ते ५० टक्क्यांनी घटेल त्या पट्ट्यात मुख्य प्रयोग करतात. त्याहून जास्त दिले तर म्युटंट वाढण्याऐवजी बी देणारी झाडेच उरत नाहीत.

१०. गुलाबाच्या किंवा शेवंतीच्या फांदीला किरण देऊन रंग बदलला. त्याच्या बियांतून तोच रंग येईल का?

बहुधा नाही. शेंड्यात पेशींचे थर असतात. सर्वांत बाहेरच्या थरातून वरची त्वचा बनते, तर पराग आणि बीजांडे सहसा दुसऱ्या थरातून येतात. रंगाचा बदल फक्त बाहेरच्या थरात असेल तर कलमाने तो टिकतो, बियांनी नाही. मुळांतून फुटणारे धुमारे आतल्या पेशींपासून येतात. म्हणून बिनकाट्याच्या काही ब्लॅकबेरींच्या मुळांतून काटेरी धुमारे फुटतात. लोकांना वाटते वाण उलटला, पण आतले ऊतक पहिल्यापासून काटेरीच होते.

कलमी पिकांत पिढ्यांऐवजी कलमांच्या फेऱ्या मोजतात. दोनतीन फेऱ्या पुन्हा पुन्हा छाटून लावल्या की गोधडीतली ठिगळे वेगळी होतात. या पिकांची झाडे मुळातच मिश्र असल्याने एक चांगली प्रत बिघडली तरी रंग लगेच बदलतो, एम२ ची वाट पाहावी लागत नाही. रिओ रेड हे गडद लाल गराचे ग्रेपफ्रूट किरण दिलेल्या कलमाच्या डोळ्यांमधूनच निवडले गेले.

११. आमचा म्युटंट फक्त आईकडून उतरतो. हे कसे?

हरितलवकांचा स्वतःचा डीएनए असतो आणि बहुतेक सपुष्प वनस्पतींत तो बीजांडाकडूनच येतो. बदल तिथे झाला असेल तर मेंडेलची गुणोत्तरे विसरा. पूर्ण पांढऱ्या फांदीवरच्या फुलातून पांढरी, हिरव्या फांदीवरून हिरवी आणि मिश्र फांदीवरून तिन्ही तऱ्हेची रोपे येतात. नायट्रोसो मिथाइल युरिया हे रसायन असे बदल घडवण्यासाठी मुद्दाम वापरतात. सूचिपर्णी झाडांत मात्र हरितलवके परागाकडून येतात, म्हणजे तिथे सगळे उलट.

१२. गव्हात म्युटंट दिसतच नाहीत. रसायन कमी पडले का?

पावाच्या गव्हात बहुतेक जनुकांच्या तीन जोड्या असतात. एक बिघडली तरी उरलेल्या दोन काम सांभाळतात, म्हणून डोळ्यांना काही दिसत नाही. याच कारणाने गहू बार्लीपेक्षा कितीतरी जास्त उत्परिवर्तने पचवतो. भुरी रोगाला रोखणारा, एमएलओ नावाच्या जनुकातला बदल बार्लीत १९४२ मध्ये क्ष-किरणांनी मिळाला. गव्हात तोच परिणाम हवा तर तिन्ही प्रतींतले बदल वेगवेगळे शोधून संकराने एकत्र आणावे लागतात. डीएनए वाचून शोध घेणे स्वस्त झाले तेव्हा कुठे हे आवाक्यात आले.

परपरागी पिकांतही गुण दडून राहतो, पण कारण वेगळे. एम१ झाडांचे आपापसांत परागण झाले की दोन सदोष प्रती एकत्र येतच नाहीत. फुलांना पिशव्या बांधून स्वपरागण करा. ते जमत नसेल तर भावंडांचे संकर करून एक पिढी जास्त थांबा.

१३. चेर्नोबिलमधल्या झाडांत दोष पिढ्यान्‌पिढ्या साठत चालले आहेत का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. २६ एप्रिल १९८६ च्या स्फोटानंतर अणुभट्टीजवळचे पाइनचे रान तांबूस होऊन मेले. शेजारचे बर्च बऱ्याच अंशी वाचले. ती प्रत्यक्ष इजा, म्हणजे प्रश्न ४ मधलीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर.

वारशाचा पुरावा वेगळा आहे. दूषित जमिनीत एक हंगाम घेतलेल्या गव्हाच्या संततीत डीएनएच्या ठरावीक पुनरावृत्त जागांवरचा उत्परिवर्तन-दर स्वच्छ जमिनीतल्या गव्हाच्या सुमारे सहा पट निघाला. हा निष्कर्ष २००० मध्ये प्रसिद्ध झाला. तिथल्या अरॅबिडॉप्सिसच्या संततीने उत्परिवर्तकांचा मारा अधिक सोसल्याचेही दिसले. पाइनमध्ये डीएनएवरच्या मिथाइल खुणा (त्यांबद्दल प्रश्न १४ पाहा) वाढलेल्या आढळल्या.

तरीही दोषांचा ढीग साठत जाऊन झाडे विद्रूप होत गेली, असे चित्र नाही. प्रत्येक पिढीत एकेरी संचाच्या परागाची चाळणी लागते, मग बी रुजण्याची, मग शेजाऱ्यांशी स्पर्धेची. मोठे दोष इथे गळतात. शिवाय अल्पायुषी किरणोत्सर्गी मूलद्रव्ये विरल्याने मात्रा पहिल्या काही महिन्यांतच झपाट्याने उतरली. मागे उरलेल्या सिझियम-१३७ चा अर्धायुकाल सुमारे ३० वर्षे आहे. किरकोळ, झाकलेले बदल साठू शकतात. विचित्र आकाराच्या झाडाचा फोटो हा मात्र त्याचा पुरावा नव्हे. आजही मात्रा जास्त असलेल्या जागी शेंडा मरून पाइन झुडपासारखा वाढतो, आणि ती इजा त्याच्या स्वतःच्या आयुष्यातली असू शकते.

१४. डीएनएची अक्षरे न बदलता परिणाम पुढे जातो का?

कधीकधी. डीएनएवरच्या मिथाइल खुणा जनुक चालू-बंद ठेवतात आणि वनस्पतींत त्या काही वेळा बियांतून पुढे उतरतात. ५-ॲझासायटिडिन हे रसायन अशा खुणा पुसते. भातात त्याच्या वापरानंतर आलेला खुजेपणा संततीतही टिकल्याची नोंद आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने अठराव्या शतकात वर्णन केलेले लिनारिया या फुलझाडाचे विलक्षण, सगळ्या बाजूंनी सारखे फूल अशाच खुणेमुळे घडल्याचे १९९९ मध्ये कळले.

पण ‘झाड ताण लक्षात ठेवते’ या वाक्याला भुलू नये. अतिनील किरण दिलेल्या अरॅबिडॉप्सिसच्या पुढच्या चार पिढ्यांत डीएनएची अदलाबदल वाढलेली राहते, असे २००६ मध्ये जाहीर झाले. नंतरच्या चाचण्यांत असा परिणाम सरसकट होत नसल्याचे दिसले.

१५. म्युटंट पुन्हा मूळ रूपात जातो का?

तुकडा गळाला असेल तर नाही. एका अक्षराचा बदल क्वचित उलटतो. मिथाइल खुणेचा बदल बराच सहज उलटतो, लिनारियाच्या एकाच झाडावर दोन्ही तऱ्हेची फुले येतात ती यामुळेच. शेतात ‘उलटलेले’ म्हणून दाखवले जाणारे बहुतेक नमुने मात्र कायमेरा, परका पराग किंवा बियांची भेसळ असतात. शंका आली तर आधी पिशवीवरचे लेबल तपासा.

१६. अशा बिया किंवा धान्य किरणोत्सर्गी होते का? आणि हे जीएम (जनुकपरिवर्तित) मानायचे का?

गॅमा किरणांनी बी किरणोत्सर्गी होत नाही. न्यूट्रॉनांनी अल्पकाळ थोडी किरणोत्सर्गिता येऊ शकते, ती विरेपर्यंत बिया बाजूला ठेवतात. पुढच्या पिढीच्या धान्यात त्यातले काही उरत नाही. बार्लीचा गोल्डन प्रॉमिस आणि भाताचा कॅलरोज ७६ हे गॅमा किरणांतून आलेले बुटके वाण आहेत. एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना) आणि आयएईए (आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था) यांच्या नोंदवहीत असे तीन हजारांहून अधिक वाण आहेत.

कायद्याचे उत्तर देशागणिक बदलते. युरोपीय न्यायालयाने २५ जुलै २०१८ रोजी उत्परिवर्तनातून मिळालेल्या वनस्पती व्याख्येने जनुकपरिवर्तितच ठरवल्या, पण दीर्घकाळ सुरक्षित वापर झालेल्या जुन्या पद्धतींना नियमांतून सूट कायम ठेवली. कॅनडात पद्धत न बघता गुण नवा आहे का हे बघतात.

१७. गुणसूत्रे दुप्पट करण्यासाठी वापरतात ते कोल्चिसिन हे रसायनही यातच मोडते ना?

नाही. ते डीएनएची अक्षरे बदलत नाही. पेशीविभाजनाच्या वेळी गुणसूत्रे दोन बाजूंना ओढणारे धागे ते बनू देत नाही, म्हणून संच दुप्पट होतो. कायमेरा मात्र इथेही होतो, त्यामुळे प्रश्न ५ आणि १० वाचावेत.

१८. घरी करून पाहता येईल का?

रसायने घरी नकोतच. ईएमएस कर्करोगकारक असल्याचा संशय आहे आणि त्याची वाफ होते. सोडियम ॲझाइड जहाल विष आहे, त्यात आम्ल पडले की विषारी वायू सुटतो. किरण देण्याचे काम परवानाधारक संस्थेचे. १९५९ मध्ये म्युरिअल होवर्थ यांनी ब्रिटनमध्ये हौशी बागकामवाल्यांना किरण दिलेल्या बिया वाटण्यासाठी संस्था काढली होती. पण घरच्या वाफ्यात मावतील तेवढ्या झाडांतून उपयोगी म्युटंट सापडणे जवळपास अशक्य, हे प्रश्न ६ मधल्या गणितावरून कळेल.

अतिनील दिव्याखाली बिया ठेवण्याबद्दलही बरेच जण विचारतात. ते किरण बीच्या सालीतच अडतात, आतल्या गर्भापर्यंत पोचत नाहीत. परागकणांवर त्यांचा परिणाम होतो, पण दिव्याने डोळे आणि कातडी भाजते, तेव्हा तेही घरी करू नये.